बचतीचे माप

शाबान महिन्यात, रमजानच्या तयारीचे दिवस सुरू असताना, आमच्या मोहल्ल्यातील एका भगिनीने माझ्या पत्नीमार्फत एक प्रश्न विचारला. या भगिनीचे पती कुवेतमध्ये वाहनचालक आहेत. दरमहा ठरावीक रक्कम येते आणि तिच्यात सासूबाई, स्वतः ती आणि तीन मुले अशा पाच माणसांचा संसार चालतो. या घराचा किराणा वर्षानुवर्षे मोहल्ल्याच्या तोंडाशी असलेल्या शेठच्या दुकानातून येत असे. गेल्या वर्षभरापासून मात्र ती दर शनिवारी शेजारणीबरोबर रिक्षा करून महामार्गालगतच्या मोठ्या सुपरमार्केटमध्ये जाते व आठवड्याचा जिन्नस एकदम आणते. तिने वहीत हिशेब ठेवला आहे. रिक्षाचे भाडे वजा जाता महिन्याला ७०० ते ८०० रुपये वाचतात. ते ती थोरल्या मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी बाजूला टाकते. सासूबाईंना हे मान्य नाही. ज्या माणसाने पुरानंतर आपल्याला उधारीवर तांदूळ दिला, त्याच्या दारावरून दुसरीकडच्या पिशव्या मिरवत आणताना तुला काही वाटत नाही का, असे त्या म्हणतात. भगिनीचा प्रश्न सरळ होता: मौलाना, यात गुनाह आहे का?

मी अर्ध्या मिनिटात उत्तर दिले. गुनाह नाही. ग्राहकाने आपला माल कोठून घ्यावा याचे स्वातंत्र्य शरीअतने त्याला दिले आहे. माल हलाल असावा, व्यवहारात फसवणूक व व्याज नसावे, मग जेथे स्वस्त मिळेल तेथून घ्यावे. उत्तर बरोबर होते आणि आजही मी ते मागे घेत नाही. भगिनीचे समाधान झाले. माझे झाले नाही. एक तर आमच्या घरच्या पिशव्याही त्याच दुकानावरून येतात. दुसरे कारण थोडे अवघड आहे, ते पुढे येईल.

प्रथम या भगिनीच्या बाजूने बोलले पाहिजे. धार्मिक लेखनात बचतीचा विषय निघाला की आपण लगेच दानधर्माच्या गोष्टी सांगू लागतो आणि पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या गृहिणीला नकळत कमी लेखतो. वास्तविक पवित्र कुरआनने रहमानच्या दासांची लक्षणे सांगताना नमाज, नम्रता आणि रात्रीची उपासना यांच्याच रांगेत खर्चाची शिस्त बसवली आहे. ते खर्च करतात तेव्हा उधळत नाहीत आणि आखडतही नाहीत, या दोहोंच्या मधल्या वाटेने जातात, असा त्या आयतीचा आशय आहे (सूरह अल-फुरकान, २५:६७). दुसऱ्या ठिकाणी हात मानेला बांधून ठेवू नका आणि पूर्ण मोकळाही सोडू नका, असे सांगितले आहे (सूरह बनी इस्राईल, १७:२९). आपल्या मराठीनेही हा भेद उत्तम जपला आहे. 'काटकसर' हा शब्द आपण आदराने उच्चारतो आणि 'कंजूषपणा' हा नाक मुरडून. दोहोंत खर्च कमीच होतो, तरी भाषा त्यांना एका पंक्तीला बसवत नाही.

इमाम गझाली (रह.) यांनी 'इह्या उलूमिद्दीन' या ग्रंथात व्यवहाराच्या शिष्टाचारावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. त्यात ते नोंदवतात की ह. हसन (रजि.) व ह. हुसैन (रजि.) यांच्यासारखे थोर लोकसुद्धा खरेदी करताना कसून भाव करीत आणि नंतर तेच मोठमोठ्या रकमा देऊन टाकीत. कोणी या विसंगतीबद्दल विचारले तेव्हा मिळालेल्या उत्तराचा मथितार्थ असा, की देणारा आपल्या औदार्याने देतो, परंतु जो फसवला जातो त्याची अक्कल लुटली जाते. तेव्हा घासाघीस करणे, दोन दुकानांचे दर ताडून पाहणे, स्वस्त ते घेणे, यांत धर्मनिष्ठेला बाधा आणणारे काही नाही. ज्या आईने डाळ-तेलातून महिन्याला ८०० रुपये वाचवून मुलीच्या फीची तजवीज केली, तिने खर्चाची मधली वाट पुष्कळांपेक्षा नीट ओळखली आहे.

येथे एक शंका मात्र घेतली पाहिजे. सुपरमार्केटमध्ये खरोखर बचत होते का? या भगिनीची होते, कारण ती घरून चिठ्ठी लिहून नेते आणि चिठ्ठीबाहेरच्या वस्तूला हात लावत नाही. माझा अनुभव वेगळा आहे. मागील रमजानमध्ये एका दिवशी असरच्या नमाजनंतर, घसा कोरडा पडलेला असताना, बेसन, साखर आणि खजूर एवढेच आणण्यासाठी मी तेथे गेलो. खिशात ५०० रुपये पुरेसे होते. बिल १,३८० रुपयांचे झाले आणि उरलेले पैसे मोबाइलवरून द्यावे लागले. घरी पिशव्या उघडल्यावर सरबताच्या दोन बाटल्या, तीन प्रकारचे शेव-फरसाण, एकावर एक मोफत म्हणून घेतलेली शेवयांची पाकिटे आणि कशासाठी घेतले ते मलाच आठवेना असा एक सॉसचा डबा निघाला. पत्नी काही बोलली नाही. तिने फक्त विचारले, "रोजा माणसाने ठेवला होता की ट्रॉलीने?"

ही थट्टा असली तरी मुद्दा खरा आहे. त्या दुकानांची मांडणीच अशी असते की मीठ-साखरेपर्यंत पोहोचण्यासाठी माणसाला बिस्किटांच्या आणि चॉकलेटांच्या रांगा ओलांडाव्या लागतात. नजरेच्या उंचीवर महाग वस्तू असतात, स्वस्त पाकिटे खालच्या फळीवर. बिलाच्या रांगेत उभे असताना मुलांच्या हाताशी येईल अशा ठिकाणी गोळ्या ठेवलेल्या असतात. छापील किंमत जास्त आणि तिच्यावर सूट मोठी, हे पाहून मन हुरळते. परंतु पाकिटावर कमाल किरकोळ किमतीच्या जवळच प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर दरही बारीक अक्षरांत छापलेला असतो, तो आपण वाचत नाही. तो वाचला तर मोठे पाकीट नेहमीच स्वस्त पडते असे नाही, हे लक्षात येते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी 'नज्श' म्हणजे माल घेण्याचा हेतू नसताना केवळ दुसऱ्याला भुलवण्यासाठी बोली वाढवणे निषिद्ध ठरवले. आजची सूट म्हणजे नज्श, असे मी म्हणणार नाही. फिकहचे शब्द इतक्या सैलपणे वापरू नयेत. पण किमतीचा आभास निर्माण करून ग्राहकाचा निर्णय हलवणे ही युक्ती बाजारात जुनीच आहे, एवढे त्यावरून कळते.

इमाम मालिक (रह.) यांच्या 'मुवत्ता'मध्ये ह. उमर (रजि.) आणि ह. जाबिर (रजि.) यांचा एक लहानसा प्रसंग आहे. ह. जाबिर मांस घेऊन चालले होते. हे काय, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले की मांस खाण्याची इच्छा झाली म्हणून एका दिरहमचे घेतले. एका दिरहमचे मांस ही काही उधळपट्टी नव्हे, वस्तूही हलाल. तरीही ह. उमर यांनी त्यांना टोकले. शेजाऱ्यासाठी किंवा चुलतभावासाठी थोडे पोट मारावे असे तुमच्यापैकी कोणाला वाटत नाही का, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. येथे ह. उमर वस्तूला हराम ठरवत नाहीत. 'इच्छा झाली' आणि 'विकत घेतले' या दोन क्रियापदांच्या मध्ये काहीच नव्हते, याकडे ते बोट दाखवतात. आमच्या ट्रॉलीत तर इच्छा होण्यापूर्वीच वस्तू येऊन पडते.

हे झाले स्वतःच्या खिशाचे. आता प्रश्न असा, की जे वाचले ते कोणाच्या मापातून?

सूरह अल-मुतफ्फिफीनच्या आरंभीच्या आयती (८३:१-३) आपण बहुधा दुकानदारांना ऐकवतो. वजनात मारू नका, काटा नीट ठेवा. परंतु त्या आयतींचा पहिला भाग घेणाऱ्याविषयी आहे. हे लोक दुसऱ्यांकडून मापून घेतात तेव्हा पुरेपूर घेतात आणि दुसऱ्यांना मापून देतात तेव्हा कमी देतात, असा तेथील अर्थ आहे. पुरेपूर घेणे हा स्वतंत्रपणे दोष नाही, तो तर हक्क आहे. दोष आहे तो दोन मापे बाळगण्यात. घेताना एक, देताना दुसरे.

या दृष्टीने आपल्या आठवड्याच्या बाजाराकडे पाहा. सुपरमार्केटमध्ये बिल १,३८० रुपये झाले की आपण १,३८० रुपये देतो. काउंटरवरच्या मुलाला 'वरचे ऐंशी सोडा' असे कोणी म्हणत नाही. पिशवीचे वेगळे पैसे मागितले तरी मुकाट्याने देतो. तेथून बाहेर पडल्यावर रस्त्याच्या कडेला आजूबाजूच्या गावातून आलेली एखादी बाई टोपलीत अळू, टाकळा, दोन पडवळे घेऊन बसलेली असते. पहाटेची एसटी पकडून ती आली आहे आणि दुपारच्या एसटीने तिला परत जायचे आहे. तिच्याकडे मात्र आपली काटकसर जागी होते. २० रुपयांची जुडी १५ ला माग, वर मूठभर कोथिंबीर घाल. मासेवालीशी तर भांडण झाल्याशिवाय मासळीला चव येत नाही, अशी आमच्या कोकणात समजूतच आहे. जेथे आपले काही चालत नाही तेथे आपण सभ्य, आणि जेथे समोरच्याचे काही चालत नाही तेथे आपण हिशेबी.

इमाम गझालींनी वर सांगितलेल्याच प्रकरणात हा भेद स्पष्ट शब्दांत मांडला आहे. दुर्बळ माणसाकडून अन्नधान्य किंवा गरिबाकडून एखादी वस्तू घेताना थोडे जास्त गेले तर ते सोसावे, तो एहसान आहे. उलट, अधिक नफ्याच्या मागे असलेल्या श्रीमंत व्यापाऱ्याकडून महाग घेणे यात काही पुण्य नाही, तो केवळ संपत्तीचा नाश आहे. आपण नेमके उलटे वागतो. मोठ्या दुकानात डोळे मिटून आणि टोपलीपाशी डोळे वटारून.

ह. जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांची घोड्याची गोष्ट या संदर्भात सांगण्यासारखी आहे. त्यांच्यासाठी एक घोडा ३०० दिरहमांना ठरला. मालकाला पैसे देण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी घोडा पाहिला आणि म्हणाले, याची किंमत जास्त आहे, ४०० ला देतोस का? मालक राजी झाला. पुन्हा शंभर वाढवले, पुन्हा शंभर. अशा रीतीने खरेदीदाराने स्वतःच किंमत वाढवत ८०० दिरहमांपर्यंत नेली आणि तेवढे दिले. कारण विचारल्यावर त्यांनी सांगितले की प्रत्येक मुस्लिमाचे हित चिंतण्याची प्रतिज्ञा मी प्रेषितांच्या (स.) हाती केली आहे. या मापाने आपण बाजार करू शकत नाही. माझ्या पगारात तर मुळीच नाही. शरीअतही हे कोणावर बंधनकारक करीत नाही. पण ग्राहकाची नीती म्हणजे केवळ 'फसू नकोस' एवढीच नसते, तिला आणखी एक टोक असते, हे त्या गोष्टीमुळे विसरता येत नाही.

आता शेठकडे येऊ. प्रथम एक खुलासा केला पाहिजे, नाही तर वाचकांना वाटेल की लहान दुकानदार म्हणजे संत आणि मोठे दुकान म्हणजे सैतान. शेठच्या दुकानातील रवा कधी कधी जुना असतो. त्यांच्या शेंगदाण्यात खडे निघतात. आणि गेल्या पावसाळ्यात मी सुपरमार्केटमध्ये गेलो असता पुढच्या ट्रॉलीमागे खुद्द शेठच उभे! ट्रॉलीत साबणाच्या वड्या आणि तेलाची पाकिटे. मी सलाम-नमस्काराला चाचरलो. ते मात्र मोकळेपणाने म्हणाले, "मौलाना, एजंट देतो त्याच्यापेक्षा इथे स्वस्त पडते. मग काय करायचे?" म्हणजे ज्या दुकानामुळे त्यांचे गिऱ्हाईक तुटते, त्याच दुकानातून ते आपल्या दुकानासाठी माल भरतात. अशा बाजारात कोणी कोणाला दोष द्यावा? प्रेषितांच्या (स.) काळी मदीनेत भाव चढले तेव्हा लोकांनी भाव बांधून देण्याची विनंती केली. त्यांनी ती मानली नाही. भाव चढवणारा-उतरवणारा अल्लाह आहे, आणि कोणाच्या रक्तावर वा मालावर अन्याय केल्याचा दावा माझ्यावर शिल्लक राहू नये अशा स्थितीत मला त्याला भेटायचे आहे, असा त्यांचा आशय होता. तेव्हा शेठने आपला दर परवडेल तसा ठेवावा आणि आपण परवडेल तेथून घ्यावे, येथवर सर्व ठीक आहे.

ठीक नाही ते उधारीचे. आमच्या मोहल्ल्यात, आणि माझ्या समजुतीने बहुतेक मोहल्ल्यांत, आता एक रीत पडली आहे. महिन्याच्या पहिल्या दोन आठवड्यांत, हातात रोख असताना, लोक सुपरमार्केटमध्ये जातात. विसाव्या-बाविसाव्या तारखेला पैसे संपले की मुलाच्या हाती पिशवी देऊन त्याला शेठकडे पाठवतात, "लिहून ठेवा म्हणावं." रोख तेथे आणि उधारी येथे. शेठला त्याच्या व्यापाऱ्याचे पैसे वेळेवर द्यावे लागतात. आपल्याकडून मात्र त्याला ते दोन-दोन महिन्यांनी मिळतात, तेही तुकड्यातुकड्यांनी. आपण हिशेबाच्या वहीत '८०० रुपये वाचले' असे लिहितो, त्यातील काही भाग शेठच्या वहीत येणे म्हणून पडलेला असतो. ऐपत असताना देणे लांबवणे हा जुलूम आहे, ही प्रेषितांची (स.) शिकवण बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आली आहे. सुपरमार्केटच्या काउंटरवर रोख देता येते याचाच अर्थ ऐपत आहे.

शेठ उधारीवर व्याज घेत नाहीत, ही गोष्ट आपण मुस्लिमांनी विशेष ध्यानात घेतली पाहिजे. व्याजाविरुद्ध आपण व्यासपीठावर तासन्‌तास बोलतो. आज बाजारात 'आता घ्या, नंतर द्या' म्हणणाऱ्या योजना आणि क्रेडिट कार्डे आहेत. हप्ता चुकला की त्यांच्यावर व्याज चढते. दुसरीकडे एक वाणी, जो आपला धर्मबंधू नाही, कागद नाही, जामीन नाही, केवळ तोंडओळखीवर महिनाभर घरात धान्य पोहोचवतो आणि एक पैसा वर घेत नाही. मराठी घेऊन बी.ए. करीत असताना मला कळले होते की 'उधार' हा शब्द संस्कृत 'उद्धार' या शब्दापासून आला आहे आणि जुन्या कोशांत 'उद्धार' हा ऋणाचाही एक शब्द आहे. तेव्हा ती केवळ गमतीची गोष्ट वाटली होती.

आणि उधारीवर धान्य घेण्यात कमीपणा मानण्याचेही कारण नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेतील एका ज्यू माणसाकडून घरच्यांसाठी जव उधार घेतले आणि आपले चिलखत त्याच्याकडे गहाण ठेवले. त्यांचे निधन झाले तेव्हा ते चिलखत ३० साअ जवांच्या बदल्यात गहाणच होते, असे हदीस सांगते. साऱ्या अरबस्तानात ज्यांचा शब्द चालत होता त्यांच्या घरचा किराणा उधारीवर होता, आणि तोही दुसऱ्या धर्माच्या माणसाकडून. या हदीसवरून फुकहांनी परधर्मीयांशी व्यवहार आणि गहाणाचे अनेक नियम काढले आहेत. त्यांत न जाता मला एवढेच दिसते, की तेथे उधारीची दखल घेतलेली आहे, तिच्या बदल्यात युद्धात अंगावर घालायची वस्तू देऊन ठेवलेली आहे. आपण शेठकडे काय ठेवतो?

येथे मला दुसरे कारण सांगावे लागेल, जे आरंभी राखून ठेवले होते.

२२ जुलै २०२१ रोजी, बकरी ईदच्या दुसऱ्याच दिवशी, वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. त्या पुराचे वर्णन येथे करीत नाही. ज्यांनी पाहिला त्यांना ते नको आहे. शेठच्या दुकानात पाणी माळ्यापर्यंत गेले. पोती गेली, काटा गेला आणि उधारीची वहीही गेली. पाणी ओसरल्यावर त्यांनी ती वही दारात उन्हात ठेवली होती. पाने चिकटून लगदा झाला होता आणि जेथे पान सुटे तेथे शाई पसरून निळा डाग झाला होता. त्यानंतर काही दिवस ते दारात खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला एवढेच म्हणत, "तुमचे किती होते, तुम्हीच सांगा." काही जणांनी सांगितले. काही जण त्या रस्त्याने जाईनासे झाले.

आमचेही घर भिजले होते आणि त्या महिन्यात पगार उशिरा झाला. शेठकडे आमचे किती होते, याबद्दल घरात बोलणे झाले. पत्नी म्हणाली, बाराशेच्या वर असावे. मी म्हणालो, ९०० असतील, फार तर. मी ते इतक्या खात्रीने म्हणालो की ती गप्प बसली. मला तो आकडा आठवत नव्हता. ९०० असावेत असे मला हवे होते. मी ९०० रुपये नेऊन दिले. शेठने नव्या वहीच्या पहिल्या पानावर माझे नाव लिहून समोर 'जमा' लिहिले आणि मौलाना सर्वांत आधी आले, असे शेजारच्या दुकानदाराला मोठ्याने सांगितले. मी ते ऐकून घेतले.

दोन वर्षांनी पुस्तके आवरताना एका किताबात खुणेसाठी घातलेली पत्नीच्या हातची चिठ्ठी सापडली. त्या जुलैच्या उधारीची यादी होती. बेरीज १,२६५ रुपये.

३६५ रुपये. ही रक्कम घेऊन जायला मला तीन महिने लागले. या तीन महिन्यांत मी तीन जनाजांची नमाज पढवली. आपल्याकडे रीत आहे की नमाजपूर्वी मय्यतीचा वारस पुढे येऊन सांगतो, मरहूमकडे कोणाचे काही देणे असेल तर आमच्याकडून घ्यावे किंवा माफ करावे. प्रेषित (स.) सुरुवातीच्या काळात जनाजा आला की मयतावर कर्ज आहे का, हे विचारीत. फेडीची सोय नसेल तर इतरांना नमाज पढण्यास सांगत. एकदा दोन दीनारांचे कर्ज ह. अबू कतादा (रजि.) यांनी स्वतःवर घेतले तेव्हा त्यांनी नमाज पढवली. तिसऱ्या जनाजाच्या वेळी मोहल्ल्यातील एक वृद्ध गृहस्थ वारले होते. शेठ रस्त्याच्या पलीकडे हात जोडून उभे होते. वारसाने ती घोषणा केली. ती त्यांच्यापर्यंत ऐकू गेली असावी. ते काहीच बोलले नाहीत. पुढे मी त्यांना विचारले, त्या घरचे काही येणे होते का? म्हणाले, "होते थोडे. माणूस गेला की मी रेघ मारतो."

दुसऱ्या दिवशी मी ३६५ रुपये घेऊन गेलो आणि चिठ्ठी दाखवली. शेठनी चष्मा वर करून ती वाचली, हसले, आणि म्हणाले, "मौलाना, हे आता कोणत्या वहीत मांडू?" आणि पैसे गल्ल्यात टाकले.

त्या भगिनीला मी दुसऱ्यांदा निरोप पाठवला. पहिले उत्तर कायम आहे, शनिवारचा बाजार बंद करण्याची गरज नाही, मुलीच्या फीचे पैसे जरूर साठवावेत, असे कळवले. फक्त शेठच्या वहीत आपल्या नावे काही आहे का ते पाहावे आणि असेल तर साठवलेल्या रकमेतून आधी ते द्यावे. त्यानंतर जे उरेल ते वाचलेले. आणि पुढे, जमेल तितका, थोडा तरी जिन्नस रोख देऊन तेथून घ्यावा, मग तो मीठ-हळदीचा का असेना. सासूबाईंचा रागही समजून घ्यावा. त्यांना किमतीविषयी बोलायचे नव्हते, तांदळाविषयी बोलायचे होते.

वहीत ६४० रुपये निघाले, दिवाळीच्या सुटीत पाहुणे आले होते तेव्हाचे. ते द्यायला थोरली मुलगीच गेली. शेठनी तिच्या आईच्या नावावर रेघ मारली आणि नर्सिंगला प्रवेश कोठे घेणार, चिपळुणात की रत्नागिरीला, असे विचारले. सासूबाई अजून शनिवारच्या पिशव्या उतरवून घ्यायला उठत नाहीत.